एक जूनच्या बाई

सुलोचना कोचरेकर बाईंना माणसांचा तिटकारा होता असं म्हटलं तर अन्याय होईल. त्यांना फक्त चुकणाऱ्या माणसांचा तिटकारा होता. आता चिंचपोकळी ते करी रोड एवढ्या पट्ट्यात न चुकणारं माणूस त्यांना एक्याऐंशी वर्षांत एकच भेटलं आणि ते रोज सकाळी वेणी घालताना आरशात दिसायचं, याला त्या तरी काय करणार?

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. चहाचा कप घेऊन गॅलरीत उभ्या राहिल्या की खालचं सगळं जग त्यांना तपासायला आलेल्या वहीसारखं दिसे. नाक्यावर कुणा भावी नगरसेवकाचा फ्लेक्स: 'वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा'. त्या 'दी'पाशी बाईंचा चहा कडू व्हायचा. पलीकडे गिरणीच्या जागेवर पंचेचाळीस मजल्यांचा टॉवर, नाव कुठल्याशा परदेशी गावाचं. शेजारच्या अनुजाने लेकीला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा बाईंनी तिच्याशी सहा महिने बोलणं टाकलं. मग स्वतःहून त्या मुलीला मराठी शिकवायला तयार झाल्या. चौथ्या दिवशी पोरगी पोटात दुखतं म्हणून आली नाही, तेव्हापासून आजतागायत तिचं पोट दुखतंच आहे.

बाईंचा जन्म याच चाळीतला. बाप गिरणीत साचेखात्यात, आई रखमा तिथेच वाइंडिंगला. दोघंही मालवणकडची आणि दोघंही सहीच्या जागी अंगठा लावणारी. पन्नास सालच्या जूनमध्ये रखमाने मुलीला हाताला धरून जवळच्या मराठी शाळेत नेलं. तिथे पहिलीच्या वर्गाला गणपत मास्तर होते. तपकीर ओढणारे, दुपारी खुर्चीत डुलक्या घेणारे. त्यांनी मुलीचं नाव जनरल रजिस्टरात चढवलं आणि जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलं, १ जून १९४४.

ही एक जूनची गंमत तशी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडणार, मूल सहा वर्षांचं पुरं पाहिजे, आणि आईबापांना तारीख सांगता येत नाही. मग मास्तरांनी एक जून टाकायची आणि पुढचं नाव घ्यायचं. अशाने अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्माला आला आणि अठ्ठावन्न वर्षांनी एकाच दिवशी निवृत्त झाला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

सुलोचनेला मात्र वाटलं. मॅट्रिकचा फॉर्म भरताना दादरच्या दोन मुली शेजारी बसल्या होत्या. एकीची तारीख एकोणीस नोव्हेंबर, दुसरीची सात मार्च, शिवाय जन्मवेळ मिनिटासकट. यांची एक जून. त्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या, की हसल्या असं सुलोचनेला वाटलं. दोन्हींत फरक करण्याचं ते वय नव्हतं. घरी येऊन तिने आईला धारेवर धरलं. माझी खरी तारीख सांग. रखमा नुकतीच गिरणीतली पाळी करून आली होती, केसांत कापसाची तुसं तशीच होती. ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या हातात सूप होता..."

"तारीख विचारली मी," सुलोचना म्हणाली. "गोष्ट नाही विचारली."

रखमा उठली. मग चुलीकडे वळत एवढंच म्हणाली, "मास्तरांक सगळा सांगितलंय मी. त्येंका इचार."

त्या झोपाळू मास्तराला विचारायला सुलोचना कुठली जाते? आईला काही ठाऊक नाही आणि ती वर थापा मारते, असा तिने निकाल दिला. हा निकाल तिने पुढे कधी फिरवला नाही. रखमा वारली तेव्हाही बाईंच्या मनात तो काटा होताच, की या बाईला पोटच्या पोरीचा दिवस लक्षात ठेवता आला नाही. आणि लाज कशाची, तर आपण अशा बाईच्या पोटी आलो याची. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण मनाशी अगदी असंच होतं.

पासष्ट साली त्या डी.एड. होऊन त्याच शाळेत शिक्षिका म्हणून आल्या. गणपत मास्तर अजून होतेच. बाईंनी त्यांना नमस्कार केला, तो रीत म्हणून. जूनमधले प्रवेश मास्तर ज्या पद्धतीने करत ते बघून बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मास्तर एकेका आईला समोर बाकावर बसवणार, पाणी विचारणार, मग गाव कुठलं, पाऊस कसा होता, दाई कोण होती, असल्या गप्पा अर्धा अर्धा तास मारणार. बाहेर रांग जिन्याखाली जायची. एवढं ऐकून शेवटी लिहिणार काय, तर एक जून. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणजे काय, ते बाईंनी त्या खोलीच्या दारात उभं राहून पाहिलं. त्या खोलीतलं रजिस्टर मात्र त्यांनी कधी वाचलं नाही. झोपाळू माणसाच्या अक्षरात वाचण्यासारखं काय असणार?

अडुसष्ट साली मास्तर निवृत्त झाले आणि प्रवेशाचं काम बाईंकडे आलं. पहिल्याच सकाळी त्यांनी चाळीस मुलं घेतली. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. बाईंची पद्धत सोपी होती. आई टेबलापाशी आली की नाव, बापाचं नाव, गाव, जात. तारीख? आईने "शिमग्यात" म्हणायला तोंड उघडलं, की बाईंचं "एक जून" लिहून झालेलं असे. रकान्यांच्या शेवटी शेऱ्याची जागा होती. तिथे बाई आपल्या सुरेख, वळणदार अक्षरात 'निरंक' लिहीत. निरंक म्हणजे नोंद घेण्यासारखं काही नाही. हा शब्द त्यांना फार आवडायचा. पानभर एकाखाली एक निरंक उतरले, की पान कसं स्वच्छ वाटायचं.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मंजुळा नावाची कोळीण आली. शिवडीच्या कोळीवाड्यातली, चिंचपोकळीच्या गल्लीत मासळी विकायची. माशांची पाटी तिने दाराबाहेर ठेवली, हात पदराला पुसले आणि पोराला पुढे केलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला. तारीख विचारल्यावर मंजुळा बोलायलाच लागली. हातवारे करून, बोटांवर दिवस मोजून, मध्येच डोळे पुसून ती सांगत राहिली आणि बाई पुढच्या नावासाठी पान उलटत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, होडीचा इतिहास नको. पोराची तारीख सांगा."

समोर बसलेला बाईंचा वर्ग खदखदून हसला. मंजुळाही थोडी हसली, काय करावं ते न कळून. बाईंनी लिहिलं, चंदू, एक जून एकोणीसशे पासष्ट, निरंक.

अशी पस्तीस-एक वर्षं गेली. बाईंनी शिकवलं उत्तम, याबद्दल त्यांच्या शत्रूंचंही दुमत नव्हतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोराचं ऱ्हस्व-दीर्घ सहसा चुकत नसे, फक्त ते पोर पुढे जन्मभर चार ओळी लिहायला घाबरत असे. ब्याऐंशीच्या संपात गिरण्या बंद पडल्या, माणसं पोरांचे दाखले काढून गावाकडे निघाली. एका बापाने अर्जात 'दाखला मिळने' असं लिहिलं होतं. बाईंनी 'ने'भोवती लाल गोल काढला आणि अर्ज परत दिला, शुद्ध लिहून आणा. तो माणूस दुसऱ्या दिवशी शुद्ध लिहून घेऊन आला. गाडी आदल्या दिवशीची होती, असं मागाहून शिपायाकडून कळलं. बाई म्हणाल्या, मग आधीच नीट लिहायचं होतं.

त्यांच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी छापील मानपत्र वाचलं. त्यात अकरा चुका होत्या. बाईंनी ते घरी नेऊन तपासलं आणि टपालाने शाळेला परत पाठवलं.

यानंतर दहा-बारा वर्षं त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. फिरकेल कोण? मग निलेश नावाच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या डोक्यातून कल्पना निघाली. हा निलेश लोअर परळला जागा खरेदी-विक्रीची दलाली करायचा आणि त्याला माणसं गोळा करण्याचा भारी सोस. सगळ्यांचा वाढदिवस एक जूनच, आणि सगळ्यांना तो बाईंनीच दिलेला, तर एकत्रच का साजरा करू नये? झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'एक जूनची पोरं' नावाचा ग्रुप निघाला आणि दर वर्षी शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर पिकलेली, टक्कल पडलेली, गुडघे धरून चालणारी पोरं एकच केक कापू लागली. बाईंना मधल्या खुर्चीवर बसवायचं, शाल घालायची, प्रत्येकाने पायाशी वाकून मोबाइलकडे बघायचं.

बाई त्याला 'तमाशा' म्हणत. केकवरची अक्षरं चुकलेली, भाषणं चुकलेली, आणि ज्यांना आपण जन्मतारखेपुरतंही ओळखलं नाही त्यांच्या तोंडी 'बाई, आमची आई तुम्हीच' असली साखरपाकातली वाक्यं. तरी मेच्या पंधरा तारखेपासून त्यांची इस्त्रीची साडी कपाटाच्या दाराला लटकलेली असे. वर्षातून तेवढा एकच दिवस कुणी त्यांना बाई म्हणून हाक मारायचं. त्याची त्यांना भूक होती, आणि भूक आहे हे कळण्याइतक्या त्या स्वतःवर कधी कडक झाल्या नाहीत.

यंदाच्या मेमध्ये एका दुपारी चंदू आला. जिना चढून धापा टाकत दारात उभा राहिला. हातात कापडी पिशवी, अंगावर गोदीतला खाकी शर्ट. निलेशच्या केकला तो दर वर्षी येई, पण मागच्या बाकावर बसून निघून जाई. बाईंनी त्याला ओळखलं नाही. त्याने नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, मग खुर्चीच्या कडेवर बसला.

त्याचं म्हणणं असं होतं, की तो आठ वर्षांचा असताना मंजुळा गेली. बाप त्याआधीच गेलेला. मामाने वाढवलं. जन्माचा दिवस मामाला विचारला की तो म्हणायचा, तुझ्या आईला आणि दर्याला ठाऊक. आता मामाही नाही. पण शाळेत नाव घालायला आई घेऊन आली तो दिवस चंदूला आठवत होता. आई बाईंना खूप वेळ काहीतरी सांगत होती, ते त्याच्याच जन्माचं होतं. शब्द त्याला आठवत नव्हते, नुसते आईचे हात हलताना आठवत होते.

"साठ वर्षं तुमच्या तारखेवर काढली, बाई," चंदू म्हणाला. "गोदी पण त्याच तारखेवरून घरी पाठवतेय या महिन्याला. आता एकदा आईच्या दिवशी देवाला नारळ फोडायचाय. आई काय बोलली होती तेव्हा?"

बाईंना सरळ सांगता आलं असतं, की बाबा, मला ठाऊक नाही. एवढं एक वाक्य. पण आपल्याला ठाऊक नाही हे वाक्य त्यांच्या तोंडाला कधी लागलंच नव्हतं. त्या ताठ बसून म्हणाल्या, रजिस्टरात शेरा असेल, मी कधी काही सोडत नाही. चंदूचा चेहरा असा उजळला की बाईंनी मान खिडकीकडे वळवली. तो जाताना पाया पडला आणि पिशवीतला सुक्या कोळंबीचे सोडे भरलेला डबा टेबलावर ठेवून गेला.

संध्याकाळपर्यंत निलेशचा फोन आलाच. चंदूने त्याला सांगितलं होतं, आणि निलेशला तर नवीन आयटमच मिळाला. "बाई, मी ट्रस्टीशी बोललोय. जुनी सगळी रजिस्टरं एक तारखेला हॉलमध्ये आणतो. ज्याचं त्याचं पान ज्याला त्याला दाखवू."

पुढचे पंधरा दिवस बाई आठवत बसल्या. कदाचित एकदा तरी आपण लिहिलं असेल. त्या कोळणीचं काहीतरी वेगळं होतं म्हणून दोन शब्द टाकले असतील. मन खोटं बोलायला लागलं की किती गोड बोलतं, हे त्यांना या वयात कळलं. मंजुळेचं एक वाक्य आठवायला त्या गॅलरीत तासन्‌तास उभ्या राहिल्या, फ्लेक्स वाचायचं विसरून. पाटी आठवली, रुमाल आठवला. होडीचा विनोद तर शब्दन् शब्द आठवला, पोरं कशी हसली तेही. मंजुळेचा मात्र एक शब्द आठवेना. स्वतःचा थिल्लर विनोद चोपन्न वर्षं जपून ठेवला होता आणि एका आईचं बोलणं सांडून दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना आरशातल्या त्या न चुकणाऱ्या माणसाची किळस आली.

एक जूनला रविवार होता. हॉल भरला. टेबलावर लाल कापडात बांधलेली रजिस्टरं, बाजूला केक, त्यावर 'हॅप्पी बर्थडे सगळे'. निलेशने माइक हातात घेतला आणि आधी सर्वांत जुनं रजिस्टर उघडलं. बाईंसाठी सरप्राइज, म्हणाला. बाई स्वतः याच शाळेच्या विद्यार्थिनी, त्यांचंही पान सापडलं आहे. पान त्याने बाईंच्या मांडीवर ठेवलं.

नाव, गाव, जात. १ जून १९४४. आणि शेवटच्या रकान्यात, जागा पुरत नाही म्हणून समासात उभं वळवून, पेन्सिलीने किडमिड्या अक्षरात गणपत मास्तरांनी लिहिलं होतं: 'आई सांगते, गौरीच्या ओवशाचा दिवस. सुपात हळदकुंकू वाहताना कळा सुरू. दुपारचा भोंगा झाला तेव्हा मुलगी झाली. सूप शेजारणीने पुरे केले.' बाईंनी खालचं नाव वाचलं. तिथेही पेन्सिल होती. वरच्याला, मागच्या पानावर, पुढच्या पानावर, प्रत्येक एक जूनशेजारी त्या झोपाळू माणसाने आईचं बोलणं उतरवून ठेवलं होतं. कायद्याला एक जून, आणि पोराला त्याचा दिवस. पंचांग काढून तारीख शोधायला दहा मिनिटं पुरली असती. रखमा म्हणाली होती, मास्तरांक सगळा सांगितलंय. पुढे मास्तरांशेजारी बाई तीन वर्षं नोकरीला होत्या, रजिस्टर वीस पावलांवर होतं.

हॉलमध्ये टाळ्या पडत होत्या. निलेशने दुसरं रजिस्टर आणलं, एकाहत्तर सालचं, आणि चंदूला पुढे बोलावलं. चंदू आज पांढरा सदरा घालून आला होता. तो बाईंच्या खुर्चीशेजारी उभा राहिला, हात मागे बांधून, पहिलीतल्या मुलासारखा.

पान स्वच्छ होतं. वळणदार अक्षरात एकाखाली एक निरंक. निलेशने ते आधी पाहिलं आणि माइक बाजूला धरून बाईंच्या कानाशी कुजबुजला, "बाई, काहीतरी सांगा ना. नारळी पौर्णिमा बोला. खूश होईल तो, कोण चेक करतंय?"

खरं होतं. कोण तपासणार होतं? हजारभर पोरांना त्यांनी जन्म वाटला होता, आणखी एक दिला तर काय बिघडणार होतं. चंदूनेही तो डोक्यावर घेतला असता. बाईंनी निलेशकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला.

"इथे निरंक लिहिलंय," बाई म्हणाल्या. माइक नव्हता, तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "चंदू, तुझ्या आईने सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ती बोलत होती आणि मी पान उलटत होते."

चंदूने मागे बांधलेले हात सोडले. मागे कुणीतरी केकची सुरी खाली ठेवली. बाईंना वाटलं हा आता निघून जाईल, आणि त्याने जावं, असंही वाटलं.

"ते पोरं हसली होती ना," चंदू हळूच म्हणाला. "तुम्ही होडीचं काहीतरी बोललेल्या. होडी होती ना, बाई, तिच्या सांगण्यात?"

"होती. होडी होती."

"मग तेवढं लिवा."

बाईंनी 'लिवा' ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. पर्समधून पेन काढलं. रजिस्टरात खाडाखोड करायची नसते, हा नियम त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला होता. त्यांनी निरंकवर एक आडवी रेघ मारली. अक्षर गणपत मास्तरांसारखं किडमिडं आलं आणि समासात उभं वळवावं लागलं. 'आईने होडीपासून सुरुवात करून सविस्तर सांगितले होते. शिक्षिकेने ऐकले नाही.' खाली सही केली आणि तारीख घातली, १ जून.

मग त्यांनी रजिस्टर मिटलं नाही. चंदूखालचं नाव वाचलं, मान वर करून हॉलभर बघितलं, आणि विचारलं, यातलं कोण कोण आलंय, आणि कुणाची आई अजून आहे.